पाइप ऑर्गन आणि आपली पेटी: वाद्य टिकतं तरी कुठे?

आजचा प्रश्न असा. समजा, मीरा-भाईंदरमधल्या एखाद्या चर्चने ठरवलं की आपण नवा पाइप ऑर्गन बसवायचा. तर काय काय लागेल? पैसे लागतील, ते आलंच. पण आपल्या किनाऱ्याचा इतिहास वाचला तर मला पैशांपेक्षा मोठी गोष्ट दिसते. तीच आज सांगतो.

आधी हे वाद्य म्हणजे काय ते बघू. बासरीवर आपण बोटं बदलून वेगवेगळे सूर काढतो. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला वेगळी बासरी असते. त्यात पुन्हा प्रत्येक आवाजाच्या जातीला वेगळा संच. म्हणून मध्यम आकाराच्या ऑर्गनमध्येही शेकडो नळ्या असतात, काही लाकडाच्या, काही कथिल-शिशाच्या. सोळा फुटी संचातली सगळ्यात लांब नळी जवळजवळ ५ मीटर उंच भरते. खाली भाता हवा दाबून ठेवतो, वादक पट्टी दाबतो, एक छोटी झडप उघडते आणि ती नळी बोलते. पूर्वी भाता मारायला माणसं लागायची, आता विजेवरचा पंखा ते काम करतो.

म्हणजे बघा, पाइप ऑर्गन दुकानातून आणून ठेवता येत नाही. तो त्या इमारतीत बांधावा लागतो. छत किती उंच, आवाज किती घुमतो, हे पाहून कारागीर एकेका नळीचा सूर तिथेच घडवतो. आणि एकदा बसवला की संपलं नाही. तापमान १ अंशाने वाढलं की बासरीसारख्या नळ्यांचा सूर साधारण ३ सेंटने चढतो. १०० सेंट म्हणजे एक अर्धा स्वर. सकाळ आणि दुपार यात १० अंशांचा फरक पडला तर सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास एक तृतीयांश वर जातो. त्याच ऑर्गनमधल्या पितळी जिभेच्या नळ्या मात्र फारशा हलत नाहीत. झालं, वाद्य स्वतःशीच बेसूर! त्यात पावसाळ्याची दमट हवा, फुगणारं लाकूड, सैल पडणारं चामडं आणि समुद्राचा खारा वारा. म्हणजे ऑर्गनला सतत कुणीतरी जवळचं माणूस लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता इतिहासात जाऊ. अकबराच्या दरबारातला हाजी हबीबुल्लाह गोव्याला गेला होता, तिथल्या पोर्तुगीजांकडच्या नवलाईच्या वस्तू आणायला. त्याने फतेहपूर सिक्रीला एक ऑर्गन आणला. इतिहासकार बदायुनीने त्याचं वर्णन करून ठेवलंय. त्याला ती माणसाएवढी मोठी पेटी वाटली, आत बसून एक युरोपियन ती वाजवतोय. पेटी! शब्द लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. १५९५ च्या सुमाराला अकबरासाठी तयार झालेल्या निजामीच्या ‘खम्सा’च्या प्रतीत मधू खानाझाद या चित्रकाराने ऑर्गन वाजवणारा प्लेटो काढलाय, समोर गुंगून पडलेली जनावरं. चित्र आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पण हिंदुस्थानी संगीतात तो ऑर्गन काही शिरला नाही. तो तमाशा बघण्याची वस्तू राहिला. शिकणारं कुणी तयार झालं नाही.

याच काळात गोव्यात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री मराठी शिकला आणि त्याने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. गायला यंत्र नको, इमारत नको, फक्त माणसांचे गळे हवेत.

आता आपल्या घरी येऊ. उत्तन, डोंगरी, भाईंदर हा भाग वसईच्या खाडीच्या अलीकडचा. पलीकडे वसईचा किल्ला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्याच मोहिमेत अलीकडचा धारावी किल्लाही मराठ्यांनी घेतला. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले आणि देवळांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलंय. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा १७०७ सालची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. धर्म बदलला, देऊळ बदललं, घंटा मात्र वाजत राहिली. का? कारण ती धातूचा एकच तुकडा आहे. बैलगाडीत घाला, टांगा, वाजवा. तिला सुरात लावायला कुणी लागत नाही.

मग इंग्रज आले. मुंबईत १७१८ मध्ये उघडलेलं सेंट थॉमस आणि १८५८ चं कुलाब्याचं अफगाण चर्च, दोन्हीकडे पाइप ऑर्गन आहेत. पण ते गोऱ्या साहेबांच्या उपासनेसाठी आले. बांधणारे, बिघडल्यावर बघणारे, वाजवणारे, बरेचसे तिकडचेच. साहेब गेले आणि ही सगळी साखळीच पातळ झाली.

आता खरी गंमत ऐका. १८४०च्या दशकात पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यांनी ‘हार्मोनियम’ नावाचं वाद्य काढलं. नळ्या नाहीतच! हवेच्या झोताने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्या. लहान जागा, कमी खर्च, आणि ऊन-थंडीने सूर फारसा हलत नाही. ज्या चर्चना पाइप ऑर्गन परवडत नव्हता त्यांना हे बरं वाटलं, मिशनऱ्यांनाही. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून वाजवता येईल, एका हाताने भाता मारता येईल, असं तिचं रूप रूढ केलं. ती आपली पेटी झाली. पट्ट्या आधी परदेशातून यायच्या, पुढे गुजरातेतल्या पालिताण्याच्या पट्ट्या नावाजल्या. म्हणजे दुरुस्तीचं दुकान जवळ आलं!

तिचा थोरला भाऊ, पायांनी भाता मारायचा ऑर्गन, मराठी रंगभूमीवर जाऊन बसला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गनचा भरलेला सूर हवाच, अशी रसिकांची सवय झाली. आजही कुणा आजोबांना ‘ऑर्गन’ म्हणा, त्यांना चर्च आठवणार नाही, नाट्यगीत आठवेल. चर्चसाठी घडलेलं वाद्य आपण नाटकाचं करून टाकलं.

विरोध झाला नाही असं नाही. पेटीत मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत होती. तरी पेटी भजनातून, शाळेतून, देवळातून हलली नाही. वाजवणारे लाखो असले की फतवा काय करणार?

इकडे ख्रिस्ती मराठी उपासनेतही हेच घडलं. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजन-कीर्तन मराठी चालीत आणलं. मग १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेचा दस्तऐवज काढला. पाइप ऑर्गनला मोठा मान द्यावा, असं त्यात आहे. आणि उपासनेला शोभतील अशी इतर वाद्यंही चालतील, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे पेटी-तबल्यावर मिस्सा गाणारं मराठी चर्च काही कमी दर्जाचं ठरत नाही.

तर मग नवा पाइप ऑर्गन बसवूच नये का? मी तसं म्हणत नाही. तो आवाज छातीत घुमतो, एकदा तरी प्रत्यक्ष ऐकाच. पण बसवणाऱ्यांनी नळ्यांच्या खर्चासोबत दोन ओळी आधी लिहाव्यात: वाजवायला इथली कोणती मुलं शिकणार, आणि सूर लावायला कोण शिकणार. अकबराच्या पेटीला ही माणसं मिळाली नाहीत. आपल्या पेटीला मिळाली.

तुमच्या गावच्या देवळात किंवा चर्चमध्ये जुनी घंटा, जुनी पेटी असेल तर तिच्यावर काय कोरलंय ते वाचा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!