बिदअत : उमर यांची तरावीह आणि शिवापूरचा दगड (थ्रेड)

पुणे–सातारा रस्त्यावर, भोर आणि वेल्ह्याच्या तोंडाशी, खेड शिवापूरला कमर अली दरवेश यांचा दर्गा आहे. आवारातील दगड ११ जण तर्जनी लावून, पीराचे नाव घेत उचलतात. वजन ९० किलोपर्यंत सांगतात. (भागाकार केला तर प्रत्येकी आठेक किलो, हे जाता जाता.)

भाविकांना, आणि त्यांत हिंदूही आले, हा पीराचा प्रताप वाटतो. कर्मठ मौलवी मात्र याला 'बिदअत' म्हणेल, म्हणजे धर्मात मागाहून घुसवलेली गोष्ट. तिच्या विरुद्ध 'सुन्नत', प्रेषितांनी घालून दिलेला पायंडा.

नवे ते सारे वर्ज्य, असा सरळ नियम असता तर वाद कधीच मिटला असता. तो मिटू दिला नाही खुद्द दुसरे खलिफा उमर यांनी.

रमजानच्या रात्रीची नमाज, जिला पुढे तरावीह म्हटले गेले, प्रेषितांनी काही रात्री मशिदीत लोकांसह पढली. नंतर ते बाहेर येईनासे झाले. ही नमाज लोकांवर फर्ज होऊन बसेल, अशी धास्ती त्यांना होती. पुढे उमर यांना लोक मशिदीत विखरून, आपापली नमाज पढताना दिसले. त्यांनी सर्वांना उबय इब्न काब यांच्या मागे उभे केले आणि ही बिदअत चांगली असल्याचे उद्गार काढले.

चांगली बिदअत! मग बिदअत चांगलीही असते?

असते, असे इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांचे मत. त्यांनी बिदअतीचे फर्जपासून हरामपर्यंत पाच वर्ग पाडले. मदरसे बांधणे त्यांतल्या स्तुत्य वर्गात बसले. ग्रॅनाडाच्या शातिबींना (मृत्यू १३८८) हे अमान्य. उमर यांनी शब्द केवळ 'नवे' या भाषिक अर्थाने वापरला. तरावीहला प्रेषितांच्या कृतीचा आधार होताच, आणि त्यांच्या निधनानंतर ती फर्ज होण्याची भीतीही उरली नव्हती. शातिबींचा तर्क अधिक घट्ट आहे. मुस्लिम समाजांचा प्रत्यक्ष व्यवहार मात्र बहुधा इज्जुद्दीन यांच्या वाटेने गेला.

भारतात हा वाद देवबंद (स्थापना १८६६) आणि बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांच्या नावांनी ओळखला जातो. उरूस, मिलाद यांवर दोघांचे टोकाचे मतभेद. तरीही दर्ग्यांचे समर्थक अहमद रझा खान यांनीच कबरीपुढील सजदा हराम ठरवला, ताजियांनाही विरोध केला. पीराविषयीचा आदर आणि अल्लाहची इबादत यांत रेघ त्यांनीही ओढली होती.

शिवापूरचा दगड त्या रेघेच्या कोणत्या बाजूला? समर्थक म्हणेल, ही इबादतच नव्हे, मग बिदअत कुठली? विरोधक विचारेल, मग उचलताना पीराचे नाव कशाला?