फाटक्या आवाजाची पारख

जुन्या रॉकचा आवाज हवा म्हणून फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी पेटी, शोधणारा गिटारवादक आज सगळ्यात आधी ट्रान्झिस्टरचं नाव विचारतो. एनकेटी २७५ आहे का, ओसी ७५ आहे का, निदान जर्मेनियम तरी आहे ना? विकणाराही याच नावांवर भाव सांगतो. या चौकशीमागे एक समजूत असते: साठच्या दशकातला तो आवाज एका ठरावीक सुट्या भागात दडलेला होता आणि तो भाग मिळाला की आवाज आपोआप हाती येईल. फझचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. ज्याला आज आपण एका नावानं ओळखतो तो आवाज तेव्हाही एक नव्हता. त्यातलं जे चांगलं निघालं, त्याचं श्रेय भागांपेक्षा ते भाग ऐकून निवडणाऱ्या माणसांकडे जास्त जातं.

आवाज फाटणं हा मुळात बिघाडच. १९५१ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गिटारवादक विली किझार्टचा अँप प्रवासात खराब झालेला होता. स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली गेली आणि तो घोगरेपणा तसाच तबकडीवर उतरला. लिंक रे यानं १९५८च्या ‘रंबल’साठी स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ मध्ये एका छोट्या अँपचा कोन ब्लेडनं चिरला. हे किस्से शौर्यकथांसारखे सांगितले जातात, पण फुटके स्पीकर त्या काळी कमी नव्हते. त्यातले बहुतेक दुरुस्तीला गेले किंवा भंगारात. तबकडीवर आले ते फक्त असे, जे ऐकून कुणीतरी ‘राहू दे, हेच ठेवू’ म्हणालं. नॅशव्हिलमध्येही तेच घडलं. मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या १९६१ साली गाजलेल्या गाण्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि कन्सोलच्या एका चॅनेलचा ट्रान्सफॉर्मर बिघडला. मधुर गाण्याच्या मध्येच भुंग्यासारखा गुरगुरणारा तुकडा आला. तो काढून टाकणं सहज शक्य होतं, ठेवला गेला. पुढे इतरांकडूनही तसल्या आवाजाची मागणी येऊ लागली आणि ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीनं रेव्हिस हॉब्ज या अभियंत्याच्या साथीनं तोच बिघाड ट्रान्झिस्टरवर मुद्दाम घडवून आणला.

गिब्सननं हे सर्किट घेतलं आणि १९६२ मध्ये मेस्ट्रो फझ-टोन एफझेड-१ बाजारात आलं: तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे दोन सेल. ते विकायचं कुणाला, हे मात्र कंपनीलाही नीट कळलं नव्हतं. गिटार किंवा बेसमधून ट्रम्पेट, ट्युबा, सॅक्सोफोनसारखे आवाज निघतील अशी त्याची जाहिरात झाली. पहिल्या वर्षी दुकानदारांनी पाच हजारांच्या आसपास पेडल उचलली आणि मग मागणी जवळजवळ थांबली, कारण माल दुकानातच पडून राहिला. मे १९६५ मध्ये हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं ‘सॅटिस्फॅक्शन’ची ती सुरावट याच पेडलमधून वाजवली, तीही पुढे तिथे खरी पितळी वाद्यं येतील या हिशेबानं. त्याच्या लेखी तो कच्चा आराखडा होता. बाकीच्यांनी तो पक्का ठरवला. (त्याच वर्षी ओटिस रेडिंगनं ते गाणं पितळी वाद्यांवर केलं, म्हणजे जाहिरात अगदीच खोटी नव्हती म्हणायची.) त्यानंतर पडून राहिलेला माल संपला. पेडलमधला एकही भाग १९६२ पासून बदललेला नव्हता. ऐकणाऱ्यांचे कान बदलले होते.

खरा गोंधळ, आणि खरी गंमत, लंडनमध्ये सुरू होते. गॅरी हर्स्टनं १९६५ मध्ये मेस्ट्रोच्या सर्किटवर हात फिरवून टोन बेंडर बनवला, कारण वादकांना स्वर अधिक लांबवता यायला हवा होता. हा पहिला टोन बेंडर तीन ट्रान्झिस्टरचा. थोड्याच दिवसांत दोन ट्रान्झिस्टरचा वेगळाच नमुना आला आणि १९६६ मध्ये पुन्हा तीनचा, पण आधीच्या तीनशी न जुळणारा. जेमतेम दीड-दोन वर्षांत एकाच नावाखाली तीन वेगळी सर्किटं. त्याच सुमारास यार्डबर्ड्सनी ‘हार्ट फुल ऑफ सोल’साठी सतारवादक बोलावला होता. सतारीचा आवाज रॉकच्या गलक्यात पुरेसा उठेना, तेव्हा त्यांचा गिटारवादक जेफ बेक यानं तीच सुरावट फझ लावून गिटारवर वाजवली. मिरजेच्या सतारमेकरांची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. घोडीवरून तार किंचित घासत गेली की जवारी उघडते आणि एका स्वराभोवती अनेक उपस्वर जागे होतात. बेकनं विजेच्या मदतीनं साधलं ते याच्याच जवळपासचं होतं. आणि जवारी मोजपट्टीनं लागत नाही. कारागीर घोडी घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. एकाच लाकडाच्या, एकाच मापाच्या दोन तंबोऱ्यांची जवारी सारखी निघेलच याची हमी तोही देत नाही.

फझ फेसची गोष्ट या अंगानं फार बोलकी आहे. आयव्हर आर्बिटरच्या कंपनीनं १९६६ मध्ये लंडनला काढलेलं हे गोल पेडल. आकार मायक्रोफोन स्टँडच्या बुडावरून सुचलेला. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन नॉब. इतकं साधं सर्किट असल्यामुळेच प्रत्येक ट्रान्झिस्टरचा स्वभाव थेट ऐकू येतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टर त्या काळी फार असमान निघत. एकाच क्रमांकाच्या दोन नगांत एकाचं वर्धन (गेन) ६० तर दुसऱ्याचं १४० असू शके, आणि गळतीच्या प्रवाहाचंही तसंच. आज जाणकार पहिल्या जागी साधारण ७० आणि दुसऱ्या जागी १२०च्या आसपासचा नग पसंत करतात, पण अशी जोडी जुळवून प्रत्येक पेडल भरण्याची चैन त्या वेळच्या उत्पादकाला परवडणारी नव्हती. सुरुवातीच्या पेडलमध्ये एनकेटी २७५ बरोबर एसी १२८ आणि एसएफटी ३६३ई हेही सापडतात. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा तंत्रज्ञ रॉजर मेयर यानं पुढे सांगितलं आहे की ते अनेक फझ फेस वाजवून पाहत आणि त्यातलं चांगलं तेवढं ठेवत. आज ज्याची नक्कल हवी असते, तो आवाज असा ढिगातून वेचलेला आहे. एनकेटी २७५ हे नाव चांगल्या पेडलच्या आत होतं, तसंच नाकारलेल्या पेडलच्या आतही होतं.

यावर पहिला आक्षेप असा की जर्मेनियम आणि सिलिकॉन यांत फरक आहेच, तो काही कल्पनेतला नाही. मान्य. जर्मेनियममध्ये गळती जास्त, वर्धन कमी आणि आवाजाच्या कडा जरा गोलसर. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की फाटलेपण निवळून स्वच्छ, चकचकीत स्वर मिळतो. सिलिकॉनमध्ये वर्धन काही शेकड्यांत जातं आणि आवाज अधिक तीक्ष्ण होतो. पण यातून ‘जुना आवाज म्हणजे जर्मेनियम’ हे सिद्ध होत नाही. साठचं दशक संपता संपता फझ फेसमध्येच बीसी १८३एल आणि बीसी १०८ हे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले आणि हेंड्रिक्सही त्या बाजूला वळला. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर डेव्हिड गिल्मरनं वापरलं ते सिलिकॉनचंच फझ फेस. त्याआधीच, १९६९ मध्ये, न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सनं बिग मफ काढलं होतं: चार सिलिकॉन ट्रान्झिस्टर, शिवाय आवाज छाटायला डायोड. गिल्मरचे त्या दशकाच्या अखेरचे लांबलचक, गाणारे सोलो त्यावरचे. हे सगळं ‘जुनं’ नाही म्हणायचं, तर जुन्याची व्याख्या साठच्या दशकातल्या मोजक्या वर्षांपुरतीच उरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग जुनी पेडल प्रत्यक्षात इतकी छान का वाजतात? एक उत्तर असं की वाईट वाजणारी कुणी जपलीच नाहीत. ती फेकली गेली, त्यांचे भाग काढून दुसरीकडे लावले गेले. पन्नास-साठ वर्षांच्या गाळणीतून उरलेल्या नगांवरून त्या काळच्या सरासरीचा अंदाज बांधता येत नाही. आपण ऐकतो तेही नुसतं पेडल नसतंच; मागे धापा टाकणारा मार्शल अँप असतो, स्टुडिओची खोली असते, टेप असते. बॅटरीबद्दलचा आग्रह तर मला अर्धाच पटतो. कार्बन-झिंक बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे आवाज मऊ होतो असं सांगतात. पण फझ फेस ओढतं जेमतेम एखादा मिलिअँपिअर, आणि एवढ्याशा प्रवाहाला त्या रोधानं व्होल्टेज फारसं पडत नाही. अर्धी उतरलेली बॅटरी मात्र खरंच वेगळी वाजते, कारण नऊऐवजी साडेसात-आठच व्होल्ट मिळतात. तो परिणाम व्होल्टेज कमी करणाऱ्या साध्या नॉबनंही साधतो.

म्हणून निवड करायची तर ट्रान्झिस्टरचं नाव शेवटी विचारावं. आधी गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणून ऐकावं, आवाज निवळतो की नुसताच बारीक होतो. फझ फेस पिकअपवर भार टाकतं आणि त्यातूनच हा निवळण्याचा गुण येतो, त्यामुळे गिटार आणि पेडल यांच्यामध्ये बफर किंवा वायरलेस ठेवून घेतलेली चाचणी फसवी ठरते. चाचणीला अँपही आपलाच हवा, कारण स्वच्छ, कोरड्या अँपवर उत्तम फझही करकरतो. बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला मिळणारं स्थिर व्होल्टेज, जुळवण्याची सोय आहे का, हेही पाहावं. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट असले की सर्किट मधोमध बसतं. ते सरकलं की स्वर तुटक, खुरटा येऊ लागतो. आपल्याकडे हा मुद्दा शोभेचा नाही. जर्मेनियमची गळती दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते. लंडनच्या अठरा अंशांत जुळवलेलं पेडल मे महिन्यात नागपूरच्या उघड्या मंचावर पंचेचाळीस अंशांत वाजवलं, तर गळती सहापटीच्या वर गेलेली असते आणि आतलं एनकेटी २७५ अगदी अस्सल असलं तरी सूर खोकू लागतो. तिथे बीसी १०८चं सिलिकॉन पेडल घ्यावं, नाहीतर बायसचा नॉब बाहेर काढलेलं जर्मेनियम घेऊन तो दर कार्यक्रमाआधी कानानं जुळवावा.