वेळेआधी जन्मलेली जुळी आणि सर्दी-फ्लूचे दिवस: घरच्यांनी काय सांभाळायचं?

कोल्हापुरात सर्दी-तापाची साथ वर्षातून दोनदा जोर धरते. एकदा जुलै ते सप्टेंबरच्या पावसात आणि पुन्हा थंडीत. फ्लू फक्त थंडीतच येतो असं नाही. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात ऑगस्ट २००९ मध्ये, म्हणजे भर पावसाळ्यात नोंदला गेला. अशा दिवसांत काचेच्या पेटीतून जुळी घरी येणार असतील, तर तयारी आधीच हवी.

ही बाळं वेगळी का?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. जुळ्यांमध्ये हे प्रमाण खूप मोठं असतं. आईच्या रक्तातून बाळाला मिळणारी रोगप्रतिकारक द्रव्यं मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. बाळ लवकर आलं की ही शिदोरी अर्धवट राहते. फुप्फुसं कच्ची असतात आणि श्वासनलिका अरुंद. आपल्याला दोन दिवस शिंका आणणारा विषाणू त्यांच्या छातीत उतरू शकतो. शिवाय बाळं दोन, म्हणून एकाची सर्दी दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही.

मुबारकबाद द्यायला येणारी माणसं

आजार बहुतेक वेळा प्रेमाच्या माणसांकडूनच येतो. दादी, नानी, खाला, फुफी, शेजारी, सगळ्यांना बाळ हातात घ्यायचं असतं. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे एका बाकावरची सर्दी आठवड्यात अख्ख्या वर्गात कशी फिरते हे रोज पाहतो. तीच सर्दी दप्तरासोबत घरी येते.

म्हणून नियम सरळ ठेवा. सर्दी-खोकला असलेल्याने बाळांच्या खोलीत यायचं नाही. बाकीच्यांनी साबणाने हात धुऊन लांबूनच पाहायचं. चेहऱ्याचा किंवा हातांचा मुका घ्यायचा नाही. शाळेतून आलेल्या भावंडांनी आधी हातपाय धुवून कपडे बदलायचे. हे बाळंतिणीला, त्यातही नव्या सुनेला, सांगणं जड जातं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी किंवा बाळांच्या अब्बांनी सांगावं: "डॉक्टरांनी मनाई केलीय, दुवा घरूनच द्या." यात कुणाचा अपमान नाही.

अकीका सातव्या दिवशी जमला नाही तर चौदाव्या, एकविसाव्या किंवा नंतरही करता येतो. मौलवीसाहेबांशी बोलून ठरवा. केस उतरवण्याची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा आणि नंतर डोक्यावर टोपडं ठेवा. तहनीकबाबतही आधी डॉक्टरांना विचारा, कारण एक वर्षाच्या आत बाळाला मध देऊ नये.

ऊब, पण धूर नको

पावसात दुपटी वाळत नाहीत म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवली जाते. बाळंतिणीच्या खोलीत लोबान, धुरी, अगरबत्तीही असते. कच्च्या फुप्फुसांना हा धूर बाधतो आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी तर जीवही घेऊ शकते. बिडी-सिगारेट घरात नकोच.

उत्तम ऊब आईच्या छातीची. बाळाला उघड्या छातीशी धरण्याची 'कांगारू' पद्धत कोलंबिया देशात १९७८ च्या सुमारास सुरू झाली. आज जागतिक आरोग्य संघटना ती कमी वजनाच्या बाळांसाठी सुचवते. जुळी असतील तर एक बाळ अम्मीकडे, एक अब्बांकडे.

दूध

आईचं दूध हे मोठं संरक्षण आहे. आईला सर्दी झाली तरी पाजणं बंद करू नका. हात धुऊन, मास्क लावून पाजा. वाटी-चमच्याने पाजत असाल तर दोघांचे वाटी-चमचे वेगळे ठेवा आणि प्रत्येक वेळी उकळून घ्या. एक बाळ आजारी पडलं तर त्याची झोपायची जागा आणि रुमाल वेगळे करा. शक्य असेल तर त्याला सांभाळणारं माणूसही वेगळं ठेवा.

लसी

सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. "लवकर झालंय, उशिरा देऊ" असं करू नका. या मोफत लसींमध्ये न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही लसही आहे. जन्मावेळची एखादी लस वजन कमी म्हणून राहिली असेल, तर ती कधी द्यायची हे डॉक्टर सांगतील.

फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते. पहिल्या वेळी किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. ही सहसा खासगी दवाखान्यात पैसे देऊन घ्यावी लागते. पण पहिले सहा महिने बाळाला ही लस देता येत नाही. म्हणून अम्मी-अब्बा, दादी-दादा आणि भावंडांनी ती घ्यावी. घरच्यांची लस हीच तेव्हा बाळाची ढाल.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास. त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त
- श्वास घेताना छाती आत जाणं, कण्हणं, नाकपुड्या फुलणं, श्वास मध्येच थांबणं
- ओठ किंवा जीभ निळसर पडणं
- दूध न ओढणं, सुस्त पडणं
- ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा ऊब देऊनही अंग गार राहणं

कमी दिवसांच्या बाळाला गंभीर आजारातही ताप येईलच असं नाही. अंग गार पडणं हेही धोक्याचंच. श्वास मोजताना बाळ शांत असावं आणि पूर्ण एक मिनिट मोजावं.

अशा वेळी बाम, कापूर, नाकात तेल, मोठ्यांचं खोकल्याचं औषध यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे वा सीपीआरला न्या. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला उपचार मोफत आहेत, आणि ने-आण करायला १०२ ची गाडीही. पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

भागातल्या आशाताईंचा नंबर, दोघांची लसीकरण कार्डं आणि डिस्चार्ज कार्डं एकाच पिशवीत दाराजवळ ठेवा. रात्री दोनला धावपळ झाली तर काही शोधावं लागणार नाही.