प्रवेश नियंत्रण सूची व मास्क

लिनक्समध्ये फाइलला प्रवेश नियंत्रण सूची जोडलेली असताना सीएचमॉड आज्ञेतला मधला अंक मालक गटाची परवानगी बदलत नाही. तो मास्क बदलतो. मास्क म्हणजे नावाने जोडलेले वापरकर्ते आणि सर्व गट यांच्या हक्कांची कमाल मर्यादा. समजा, ‘सातारा’ गटाच्या फाइलवर ‘सांगली’ गटाला सूचीतून वाचन-लेखन दिले आहे. सीएचमॉड ६४० देताच सांगलीचे लेखन बंद पडते, नोंद मात्र जशीच्या तशी राहते; गेटएफएसीएल ही आज्ञा तिच्यापुढे प्रत्यक्षात उरलेला हक्क दाखवते. पुढे कोणी ६६० केले की दडलेला हक्क गुपचूप परततो, आणि खरी गफलत इथेच होते. ही रचना १९९८ मध्ये मागे घेतलेल्या पॉसिक्स १००३.१ई या मानकाच्या मसुद्यातली. सूची न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रामने ६०० दिले, तर मालकाखेरीज इतरांना दार बंद व्हावे, हा तिचा हेतू.