तेलाचा गिअर आणि तारेतला दोष

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसईच्या पूर्वेला चिंचोटी फाटा आहे. येथून एक रस्ता कामणमार्गे भिवंडीकडे जातो. मागे तुंगारेश्वरचे डोंगर असल्याने पावसाळ्यात रस्त्यावर पाण्याचे लोंढे येतात. एका जुलैमध्ये आमच्या एका सहकारी शिक्षकांची जुनी, आपोआप गिअर बदलणारी मोटार अशाच पाण्यातून गेली. दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या गिअरमध्येच अडकून बसली. एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडण्याचा जो खर्च सांगितला, तो ऐकून गुरुजींनी मोटार विकायचीच तयारी केली होती. गिअरबॉक्स मात्र उघडावा लागला नाही. तो का लागला नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

अशा गिअरबॉक्समध्ये सुरुवातीला तार नव्हतीच. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली द्रवाच्या साहाय्याने शक्ती वाहून नेण्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. जनरल मोटर्सने १९३९ साली जाहीर केलेल्या हायड्रामॅटिकमध्ये वेग मोजणे, गिअर निवडणे ही सारी कामे तेलाचा दाब आणि झडपा यांच्याकडून होत. त्यामुळे दोष शोधणे म्हणजे तेलाचा रंग पाहणे, वास घेणे, दाबमापक लावणे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रेनोसारख्या कंपन्यांनी या कामात विजेचे नियंत्रण आणले. १९८० च्या दशकात संगणक आला. आता संगणक विद्युतधारा सोडतो, नालकुंतल (मेकॅनिकच्या भाषेत सोलेनॉइड) झडप हलवते आणि तेल पुढचे काम करते. परिपथात बिघाड आढळला की संगणक साऱ्या नालकुंतलांचा पुरवठा तोडतो. मग अनेक चार-गिअरी मोटारींत केवळ तेलाच्या दाबाने एकच गिअर, बहुधा तिसरा, लागून राहतो. गुरुजींची मोटार अडकली ती अशी. मालकाला घरी पोहोचता यावे म्हणून मुद्दाम ठेवलेली ही सोय आहे, पण नेमकी तिचीच भीती वाटते!

दोष संगणकच सांगू लागला. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना एकसारखे दोषसंकेत सक्तीचे झाले. भारतात ही पद्धत भारत स्टेज-४ मानकांबरोबर आली. गुरुजींच्या मोटारीने दाखवला होता ‘पी ०७५०’, म्हणजे ‘अ’ नालकुंतलाच्या परिपथात दोष. येथे नीट वाचायला हवे. संकेत परिपथाचे नाव सांगतो, सुट्या भागाचे नाही. परिपथात नालकुंतलाबरोबर तारा, पिना, फ्यूज, संगणक असे सारेच येते. सरळ नालकुंतल बदलून मोकळे होणारे हाच फरक विसरतात.

हा प्रश्न आपल्याकडे मोटारीच्या आधीपासूनचा आहे. फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबईहून एडनकडे समुद्रातून तारायंत्राची केबल टाकली. अशी केबल तुटली तर ती शेकडो मैल उकरून पाहणे शक्य नसे. म्हणून किनाऱ्यावर बसून तारेचा रोध मोजत. प्रत्येक मैलाचा रोध ठाऊक असल्याने दोष किती अंतरावर आहे याचा हिशेब मांडता येई. यासाठी वापरला जाणारा सेतू आपण प्रयोगशाळेत व्हीट्स्टनच्या नावाने ओळखतो, पण त्याची कल्पना क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली होती. पुढे १९२३ साली ब्रिटिश पोस्ट खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा ॲव्होमीटर काढला. आजच्या मल्टिमीटरचा तो पूर्वज.

गुरुजींच्या मोटारीचे निदान याच रीतीने झाले. एका जाणत्या वायरमनने संगणकाचा प्लग काढला आणि त्या टोकाकडून रोध मोजला: ६० ओहम. मग गिअरबॉक्सच्या जवळच्या प्लगवर, नालकुंतलाच्या बाजूने मोजला: १४ ओहम. म्हणजे नालकुंतल ठीक होते. उरलेले ४६ ओहम मधल्या वाटेत होते. प्लगची एक पिन ओलाव्याने हिरवट पडली होती. १२ व्होल्टला १४ ओहममधून सुमारे ०.८६ अँपिअर धारा वाहते, ६० ओहममधून फक्त ०.२. एवढ्याने झडप हलत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. तारेच्या साऱ्या धाग्यांपैकी एकच शिल्लक असेल तरी ओहममापक ‘ठीक’ म्हणतो, कारण तो अगदी थोडी धारा वापरतो. म्हणून धारा चालू ठेवून तारेच्या दोन टोकांमधले विभवांतर मोजावे; ते अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर ती वाट संशयास्पद. वर्गात १२ व्होल्टची बॅटरी, मोटारीचा दिवा आणि बहुतेक धागे कापलेली वायर घेऊन हे दाखवता येते. दिवा मंद होतो, ओहममापक मात्र गप्प राहतो.

पिन घासून बसवल्यावर वायरमनने मोटार कामणपर्यंत फिरवून आणली आणि पुन्हा मोजले. रोध १७ च्या आसपास निघाला. गुरुजी दचकले. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. ३० अंशांना १४ ओहम असलेली तार ९० अंशांच्या तेलात तेवढीच व्हायला हवी होती.