जखमीला उचलणारे हात

युद्धातल्या वैद्यकाचा इतिहास बहुतेकदा सर्जन आणि औषधं यांच्या नावांनी सांगितला जातो. नेपोलियनच्या सैन्यातला लारे, त्याच्या धावत्या रुग्णगाड्या, मग भूल, जंतुनाशकं, रक्त चढवणं, पेनिसिलीन. ही नावं खरीच मोठी आहेत. पण गोळी लागलेला शिपाई आणि सर्जनचं टेबल यांच्यामध्ये काही मैलांचं अंतर असतं, आणि ते कापण्याचं काम ज्यांनी केलं त्या डोलीवाल्या कहारांना, स्ट्रेचर उचलणाऱ्या बेअररना या इतिहासात फार तर एखादी ओळ मिळते. माझं म्हणणं असं आहे की सैन्याच्या वैद्यकीय व्यवस्थेची पारख याच अंतरावर करायला हवी. जखमी वाचतो की नाही, हे पुष्कळदा त्याला उचलणाऱ्या माणसाची सैन्याच्या लेखी काय किंमत आहे यावरून ठरतं. याचा सर्वांत कडू पुरावा आपल्या अगदी जवळचा आहे. तो पुणे डिव्हिजनचा आहे.

आधी हे काम काय होतं ते पाहू. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदी सैन्यात जखमी डोलीतून जात. जाड बांबूला टांगलेली खाट, वर कापडाचं छत, आणि एका डोलीमागे आळीपाळीने खांदा देणारे सहा कहार. पहिल्या महायुद्धापर्यंत लाकडी दांड्यांचं, कॅनव्हासचं घडीचं स्ट्रेचर रुळलं होतं. दोघांनी स्ट्रेचर उचललं की पुढच्याने डावा पाय टाकायचा आणि मागच्याने उजवा. दोघांची पावलं एकदम पडली तर स्ट्रेचर झुलतं आणि मोडलेलं हाड मांसात रुततं. सपाटीवर जखमीचे पाय पुढे, चढावर डोकं पुढे. बरोबरच्या पिशवीत ड्रेसिंगच्या घड्या, कात्री, आयोडिन, खपच्च्या आणि पाणी. वाटेतल्या ठाण्यावर डॉक्टरने मॉर्फिया दिला की कपाळावर ‘एम’ लिहायचं, धनुर्वातावरचं सीरम टोचलं की ‘टी’, आणि जखमेचा तपशील लिहिलेलं कार्ड बटणाला बांधायचं. पुढच्या ठाण्यावरच्या डॉक्टरला एवढाच मजकूर वाचायला मिळे. बेअरर मात्र तिथून मागे फिरत, पुन्हा गोळ्यांच्या टप्प्यात, आणि तेही हातात बंदूक नसताना. १९१७ साली पासचेंडेलच्या चिखलात एका स्ट्रेचरला सहा-सहा, आठ-आठ माणसं लागत होती.

आता १९१५ चा नोव्हेंबर, मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. जनरल टाऊनशेंडच्या हाताखाली बगदादकडे निघालेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २२ नोव्हेंबरला टेसिफॉनची लढाई झाली आणि हजारो माणसं जखमी झाली. नदीवरची बोट आठ-दहा मैलांवर. तिथवर न्यायला रुग्णगाड्या नव्हत्या, होत्या त्या रसद वाहणाऱ्या एटी कार्ट, म्हणजे स्प्रिंग नसलेल्या, लोखंडी पट्ट्यांच्या तळाच्या खेचरगाड्या. मांडी फुटलेल्या माणसाला ओबडधोबड जमिनीवरून त्यात घालून नेलं गेलं. तिथून बोटी आणि त्यांना बांधलेले पडाव. मेजिदिया ही बोट बसऱ्याला लागली तेव्हा तिथल्या इस्पितळ-जहाजावरच्या मेजर कार्टरला दुरून तिच्या कडांवरून दोर लोंबताना दिसले. जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे. जुलाब लागलेली, हलताही न येणारी माणसं जवळजवळ दोन आठवडे उघड्या डेकवर पडून होती, त्यांच्या जखमांत अळ्या झाल्या होत्या. हे लेखी कळवल्याबद्दल कार्टरलाच पद काढून घेण्याची धमकी मिळाली. वरच्यांना गेलेल्या तारेत मात्र जखमींची स्थिती समाधानकारक होती. १९१७ साली या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला.

यावर असं म्हणता येईल की ही निव्वळ टंचाई होती: नदी उथळ, बोटी कमी, डॉक्टर कमी, आणि लढाईचा अंदाज चुकला. बोटी कमी होत्या हे खरंच आहे. पण टंचाईतही आधी कशाला जागा मिळते हे कोणीतरी ठरवत असतं. दारूगोळा आणि धान्य पुढे नेणाऱ्या बोटीने परतताना जखमी आणावेत, अशी ती रीत होती; फक्त जखमींसाठी वाहन ठेवणं ही चैन मानली गेली. अशीच नजर वाहणाऱ्या माणसांवरही होती. आर्मी बेअरर कोअरमधले कहार सैन्याच्या कागदावर ‘फॉलोअर’ होते, लढणाऱ्यांच्या खालच्या पायरीवरचे, पगारात आणि पेन्शनीतही मागे. लढाईत त्यांना गोळी लागे ती मात्र शिपायाचीच. दक्षिण आफ्रिकेत १८९९-१९०० मध्ये गांधींनी उभारलेल्या हिंदी पथकात अकराशे माणसं होती, बहुतेक गिरमिटिये, आणि जखमींना घेऊन ती कधीकधी दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत. गौरव झाला, पण हे काम कोणाच्या वाट्याला येतं ते बदललं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: माणसं वाचली ती औषधांनी आणि शस्त्रक्रियेने, वाहण्याने नव्हे. याला उत्तर थॉमस स्प्लिंटचं. मांडीला भिडणारं कडं, दोन लोखंडी सळया, आणि पाय ताणून खाली बांधायची पट्टी, इतकंच हे साधन. महायुद्धाच्या सुरुवातीला गोळीने मांडीचं हाड मोडलेल्यांपैकी ८० टक्के दगावत असं सांगतात. तो आकडा फुगवलेला असेल असं मानलं, तरी १९१७ च्या अरासच्या लढाईत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. त्यात चांगल्या शस्त्रक्रियेचा वाटा होताच. पण स्प्लिंट हे प्रवासाचं साधन आहे. हाड जागेवर धरून ठेवायचं, म्हणजे वाटेतल्या हादऱ्यांनी आतल्या आत रक्त वाहून माणूस मरत नाही. बेअररना ते बूट-पँटवरूनच, आकड्यांच्या हुकमावर, डोळे बांधूनसुद्धा चढवायला शिकवलं जाई. म्हणजे युद्धातल्या ज्या सुधारणेचा सगळ्यांत जास्त दाखला दिला जातो, ती रणांगणालगत, उचलणाऱ्यांच्या हातात दिलेली सुधारणा होती. टेसिफॉनच्या खेचरगाडीत हेच नव्हतं.

भारतीय सैन्यात हे शहाणपण हळूहळू मुरलं. १९२० साली बेअरर इंडियन हॉस्पिटल कोअरमध्ये आले, १९४३ मध्ये ती कोअर आणि डॉक्टरांची सेवा मिळून इंडियन आर्मी मेडिकल कोअर झाली. डॉक्टर आणि स्ट्रेचरवाला एका छत्राखाली यायला दोन महायुद्धं लागली. १९५० साली कोरियात गेलेल्या ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सने माघारीच्या धांदलीत आपलं सामान टाकून देण्याऐवजी एक इंजिन मिळवलं आणि रेल्वेने ते सोलला आणलं. वाहतूक हाच उपचाराचा पहिला भाग आहे, हे त्या पथकाला कोणी सांगावं लागलं नाही.

बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत; हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या पुष्कळ घरांत त्या युद्धाची पदकं अजून ट्रंकेत आहेत. त्यांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. पदक विकण्याआधी ती कड भिंगाखाली वाचा. हुद्द्याच्या जागी बेअरर किंवा कहार असेल, तर त्या माणसाचं नाव, गाव आणि घरात राहिलेली आठवण लिहून ठेवा.