नॉर्थॅम्प्टनचा वॉल्टर टल

नियम आड येत असूनही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत अधिकारी झालेल्या मोजक्या कृष्णवर्णीयांपैकी वॉल्टर टल हा एक. २५ मार्च १९१८ रोजी तो फ्रान्समध्ये मारला गेला. मृतदेहही सापडला नाही. त्याची आठवण निघते ती बहुधा या हौतात्म्यामुळे. मला मात्र त्याआधीचा फुटबॉलपटू टल जवळचा वाटतो.

बार्बाडोसहून आलेल्या सुताराचा हा मुलगा लंडनच्या अनाथाश्रमात वाढला. १९०९ मध्ये टॉटनहॅमने त्याला घेतलं. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये प्रेक्षकांनी त्याला वर्णावरून शिव्या घातल्या. पुढे संघातली जागाही गेली. १९११ मध्ये तो खालच्या सदर्न लीगमधल्या नॉर्थॅम्प्टनकडे आला. तिथे हाफबॅक, म्हणजे आजच्या भाषेत मिडफिल्डर, म्हणून शंभरहून जास्त सामने खेळला. तिथली जागा मिळवायला त्याला मरावं लागलं नव्हतं. चांगलं खेळणं पुरेसं होतं.

आपल्याकडे कुणी देशप्रेमाचा पुरावा मागितला, की आपण हुतात्म्यांची यादी पुढे करतो. मीही केली आहे. टलचे ते शंभर सामने वाचल्यापासून वाटतं, रोजचं काम इमानाने करणाऱ्याकडे आणखी पुरावा मागायचाच कशाला?